पाचवी मोटर

"बाबा, स्क्रूड्रायव्हर इकडे द्या," सभागृहाच्या दारातच भाचीनं हात पुढे केला.

"कुठला स्क्रूड्रायव्हर?" भावोजी साळसूदपणे म्हणाले.

तो त्यांच्या पायमोज्यात होता, हे मला ठाऊक होतं. पण मेव्हण्यानं चहाडी करू नये.

भावोजी लिफ्ट दुरुस्त करणारे. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला, मूठ कानाला, की रोग सांगून मोकळे. पलीकडच्या गल्लीत कुणाच्या घड्याळाला तेल हवंय, हे ते जेवता जेवता सांगत. खोटं असेल तर माझे उरलेले तीन दात पडोत. त्यांच्या धंद्यात आवाज म्हणजे दुखणं. आणि लेक निघाली आवाजाचंच संगीत करणारी! तिचा पहिला कार्यक्रम ऐकून त्यांनी विचारलं होतं, "दुरुस्त करून देऊ का?" पोरगी वर्षभर घरी फिरकली नाही.

"आज नुसतं ऐका, बाबा. दुरुस्तीला उठलात, तर आपलं बोलणं संपलं."

पडदा उघडला. सात जुन्या मोटरी, पत्र्याचे डबे, एक पिंप. तिनं बटणं दाबली आणि काय सांगू! घरघर, ठणठण, किंकाळ्या! छत चांगलं दोन बोटं वर गेलं. पुढच्या बाईंची वेणी आपोआप सुटली. माझ्या टकलावरही काटा आला. जन्मात असलं ऐकलं नव्हतं!

"पाचवीचं बेअरिंग गेलंय," भावोजी पुटपुटले.

"गप बसा हो!" ताईनं सदरा ओढला. तिच्या हातात नुसतं बटण राहिलं.

भावोजी थेट मंचावर. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. लेक पांढरीफटक. त्यांनी मोज्यातून स्क्रूड्रायव्हर काढला, पाचव्या मोटरीला टेकवला, मूठ कानाला लावली.

आणि थबकले.

"ही मीच भंगारात टाकलेली ना?"

"हो. बाकीच्या सहा हिच्यासाठीच आणल्यात."

एवढ्या गदारोळात मला कसं ऐकू आलं, ते विचारू नका.

पाचवी कण्हायची, बाकीच्या तिला सांभाळून घ्यायच्या. भावोजींनी तिथेच मांडी ठोकली, डोळे मिटले. एक स्क्रूसुद्धा फिरवला नाही.

शेवटी तिनं सगळी बटणं बंद केली. टाळ्यांसाठी अख्खं सभागृह उठलं, तर भावोजींनी कान न हलवता बोट वर केलं.

"थांबा. अजून फिरतेय."

पाचशे माणसं हात अधांतरी धरून उभी राहिली. लेक हळूच येऊन शेजारी बसली. त्यांनी मूठ तिच्या कानाला लावली.