नर्सबाईंची मिशरी

मंगळवार म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस. इतर ठिकाणच्या नर्सबाई दारात उभ्या राहून बायकांची वाट बघत, पण अंथुर्ण्याच्या पुढे, कालव्याच्या कडेला असलेल्या पद्मा सिस्टरांच्या उपकेंद्रात पाय ठेवायला जागा नसे. वरचे साहेब त्यांचं कौतुक करत. यांना जमतं ते तुम्हाला का जमत नाही, असं बाकीच्यांना सुनावत.

जमायला कारण होतं. सिस्टरांनी खिडकीत मिशरीची डबी ठेवली होती. तंबाखू त्या स्वतः तव्यावर काळीभोर भाजत, कुटून वस्त्रगाळ करत. आलेल्या बाईने चिमूटभर मिशरी घ्यायची, हिरड्यांवर बोट फिरवत पायरीवर बसायचं, सासूची उणीदुणी काढायची आणि मग आत जाऊन दंडावर सुई घ्यायची. सुईला भिणाऱ्या बायकासुद्धा अशाच येऊ लागल्या. सिस्टर स्वतः बारा वर्षं मिशरी लावत होत्या. नुसतं दात घासायचं, त्यात वाईट ते काय, असं त्यांना मनापासून वाटे. तुमच्या-आमच्या घरात कितीजणींना तसंच वाटतं, आठवून बघा!

सारजा त्या बायकांपैकीच एक. मेंढरं विकून शेतीत स्थिरावलेल्या घरातली ती सून. नवरा सिद्धू, सासू कुशाबाई. तिची ही तिसरी खेप. पहिलं मूल अगदी एवढंसं जन्मलं आणि चौथ्या दिवशी गेलं. दुसरं मेलेलंच जन्मलं. दोन्ही खेपांना सिस्टरांनी तिला सुया दिल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या, "पोटभर जेवत जा गं," म्हणून बजावलं. आणि दोन्ही खेपांना सारजा खिडकीतल्या डबीत बोट घालून घरी गेली.

आता सहावा महिना लागला होता आणि पोट चौथ्याएवढंच दिसत होतं. सिस्टरांनी हाताने चाचपलं, पुन्हा चाचपलं. पोटावर नळी टेकवून कान लावला. ठोके लागत होते, पण सिस्टरांचं समाधान होईना.

"हलतंय गं?"

"हलतंय, पन लई कमी," सारजा म्हणाली.

कुशाबाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "बाई, ह्या खेपंला तरी जगंल न्हवं?"

"जगेल की, मावशी!" सिस्टर म्हणाल्या खऱ्या, पण मावशीच्या नजरेला नजर न देता. असंच उत्तर त्यांनी मागच्या खेपेलाही दिलं होतं.

त्याच आठवड्यात बारामतीला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं. रुग्णांना तंबाखू सोडायला मदत कशी करायची, हे म्हणे दवाखान्यातल्या लोकांना शिकवणार होते. सिस्टरांना हसू आलं. हगवण, हिवताप सोडून आता हे नवीन खूळ!

शिकवायला पुण्याहून डॉ. दीप्ती आल्या होत्या. वयाने सिस्टरांच्या धाकट्या बहिणीएवढ्या. आल्या आल्या त्या म्हणाल्या, "ज्याच्याजवळ तंबाखूचं जे असेल, ते या टेबलावर ठेवा. मी कुणाला रागावणार नाही."

आधी कुणी हलेना. मग एका आरोग्यसेवकाने गुटख्याच्या पुड्या काढल्या. दुसऱ्याने चुन्याची डबी काढली, आणि बघता बघता टेबल भरलं. सगळे खो खो हसले. सिस्टर मात्र पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. आपल्याजवळ कुठे तंबाखू आहे, मिशरी तर आहे!

"आपण पेशंटचा ताप बघतो, जीभ बघतो," डॉ. दीप्ती म्हणाल्या. "तंबाखूचं मात्र विचारत नाही, कारण आपल्याच तोंडात ती असते. गरोदर बाईला तरी विचारता का?"

सिस्टरांना राहवलं नाही. "मॅडम, आमच्याकडे बायका तंबाखू खात नाहीत. नुसती मिशरी लावतात."

"मिशरी तंबाखूचीच ना? हिरडीतून तिचं विष रक्तात जातं, आणि आईच्या रक्तातून बाळाकडे. बाळ पोटातच खुरटतं. काही मेलेली जन्मतात, काही चार दिवस काढतात. किती बायका लावतात तुमच्याकडे? कधी विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? मीच तर देते…"

बोलून गेल्या आणि सिस्टरांनी जीभ चावली. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. चार दिवस काढतात! सारजाचं पहिलं मूल सिस्टरांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. अरे देवा, हे आपण काय करून बसलो!

जेवणाच्या सुट्टीत डॉ. दीप्ती त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. सिस्टरांनी रडत रडत त्यांना सारजाचं सगळं सांगितलं.

"सिस्टर, ती बाई अजून सहाव्यात आहे. आज सोडली तरी बाळाला फायदा आहे. पण रागावू नका तिला. रागावलात तर चोरून लावेल. का लावते ते विचारा, ऐकून घ्या. सोडायचा दिवस तिलाच ठरवू द्या. आणि नंतर तिच्या दारात परत परत जा. नुसतं सांगून सुटका नाही."

"आणि मी?"

"तुम्ही तिच्या आधी सोडा. नाहीतर ती तुमचं कशाला ऐकेल?"

सिस्टरांनी पर्समधली मिशरी तिथल्या तिथे मोरीत ओतली. पण माणसाचा स्वभाव कुठे जातो? मंगळवारी खिडकीत डबी नाही म्हणून निम्म्या बायका कुरकुरत परतल्या, आणि सारजा आल्या आल्या सिस्टर तिच्यावर कडाडल्या, "मिशरीने बाळ मारायचंय का तुला?" सारजाने मान खाली घातली. "न्हाय लावायची," म्हणाली आणि निघून गेली.

चौथ्या दिवशी सिस्टर वस्तीवर गेल्या, तर सारजाचे दात काळे! गोठ्यामागे जाऊन लावत होती. मिशरी सोडल्यापासून सिस्टरांचं स्वतःचं डोकं ठणकत होतं, सकाळीच घरी आपल्या पोरीला विनाकारण धपाटा घालून झाला होता. त्या जोत्यावर बसल्या.

"सारजा, माझं चुकलं. तुला मिशरी मीच दिली, आणि वर मीच ओरडले. आता सांग, का लावतेस?"

सारजाने आधी सासूकडे बघितलं. मग म्हणाली, "लावल्याबिगर परसाकडला हुत न्हाय. आन् सकाळच्या पारी भूक लागत न्हाय. समद्यांचं हुईस्तवर बाईमानसानं खायचं न्हाय आमच्यात."

कुशाबाई फणकारली, "आमी न्हाय व्हय लावली? आमची न्हाय जगली पोरं?"

"सगळी जगली का, मावशी?"

कुशाबाईची पाच पोरं, त्यातली दोन मातीत गेलेली. ती आत गेली. थोड्या वेळाने सारजापुढे भाकरीची चवड ठेवून म्हणाली, "खा. आदुगर तू खा."

सोमवारपासून सोडायची, असं सारजानेच ठरवलं. सकाळी कोमट पाणी आणि तल्लफ आली की बडीशेप. सिस्टर दर दोन दिवसांनी जात. दोघी एकमेकींना विचारत, "झोप लागली का? लावली तर नाहीस ना?" सारजा दोनदा घसरली, सिस्टर एकदा. दोघींनीही लपवलं नाही.

पोट वाढू लागलं, पण बेताबेतानेच. शेवटच्या महिन्यात बाळाची हालचाल एक दिवस थांबल्यासारखी झाली, तेव्हा सिस्टर धावत वस्तीवर गेल्या आणि नळीत ठोके लागेपर्यंत उठल्या नाहीत. दिवस भरले आणि मुलगी झाली. दोन किलो शंभर ग्रॅम. रडली, पण आवाज बारीक.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. चौथ्या दिवशी सिस्टर वस्तीवर पोचल्या तेव्हा घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सिद्धू दाराबाहेर उकिडवा बसला होता. आत सारजाने पोरीला छातीशी धरलं होतं. सिस्टरांनी वाकून पाहिलं. पोर चुटूचुटू दूध ओढत होती! हातपाय गरम होते. सिस्टरांना रडू आवरेना.

कुशाबाई मात्र हसली नाही. भिंतीला टेकून तिने विचारलं, "बाई, मग ती आदुगरची दोन कशानं गेली?"

सिस्टरांना खोटं बोलता आलं असतं. नशीब म्हणता आलं असतं.

"मिशरीनेच गेली, असं छातीठोक सांगता येणार नाही, मावशी. पण मी विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही. उलट दिली. हे ओझं माझ्यावर आहे, ते मरेपर्यंत उतरायचं नाही."

कुशाबाई पदराने तोंड पुसून म्हणाली, "मग आता समद्यांस्नी इचारत जावा. पयलं मला इचारा."

सिस्टर तिच्यासमोर बसल्या. "किती वर्षं लावता, मावशी?"

"चाळीस आसतील. गालाला आतनं काय तरी पांढरं झालंय. दावू का?"

गालातला पांढरा डाग कॅन्सरची सुरुवात असू शकतो, हे बारामतीला सांगितलं होतं. सिस्टरांनी पिशवीतून बॅटरी काढली.

वाचकहो, नर्स असो, डॉक्टर असो, नाहीतर गोळ्या वाटणारा साधा आरोग्यसेवक असो, त्याने दारी आलेल्या प्रत्येकाला तंबाखूचं विचारलंच पाहिजे, आणि त्याआधी स्वतःचं तोंड स्वच्छ केलं पाहिजे. आपल्या गावच्या दवाखान्यात कुणी हे विचारत नसेल, तर आपण होऊन तोंड उघडून दाखवा आणि म्हणा, मला विचारा.