प्रतापकुमार बसलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, मूर्तिजापूरच्या शफीभाईंच्या, मांडव-खुर्च्या भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्रातली. लग्नात जिच्यावर नवरदेव बसतो, सत्काराला पाहुणा बसतो, ती मी. अंग सागाचं, दोन्ही हातांवर सोनेरी सिंह. त्यातल्या एकाचं नाक गेलं आहे. जन्मभर उभी राहून मी थकले आहे. खुर्चीला कधी बसता येत नाही, हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

माझं नशीब एका संध्याकाळी उघडलं. मराठी सिनेमाचे मोठे नट प्रतापकुमार एका कार्यक्रमाला आले आणि माझ्यावर बसले. तासभर बसले असतील. शेंगदाणे खाल्ले, टाळ्या घेतल्या आणि गेले. तेव्हापासून मी 'प्रतापकुमारची खुर्ची' झाले. अकोला, अमरावती, धामणगाव, कुठूनही बोलावणं यायचं. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला फार मिरवावंसं वाटायचं.

पण शफीभाईंनी एक हट्ट धरला. गादी बदलायची नाही! मखमल विटली, काथ्या दबला, स्प्रिंग वर आली, तरी नाही. मुलगा साजिद दाभण घेऊन आला की ते ओरडायचे, "हात नोको लावू! त्याच्यावर प्रतापकुमार बसेल हायेत. तुले काय समजते?" साजिद आता चाळिशीचा आहे. निम्म्या वऱ्हाडात त्याने मांडव उभे केले, पण लोक त्याला अजून 'शफीभाईचा पोरगा'च म्हणतात.

प्रतापकुमारांनाही एक मुलगा होता, नीलाभ. त्याची हकिकत मला निवेदकांच्या माइकवरून आणि गोदामात चालणाऱ्या साजिदच्या मोबाइलवरून कळत गेली. ऐन विशीत तो हिरो झाला. पहिला सिनेमा चालला, कारण लोक त्याच्या चेहऱ्यावर वडिलांचं नाक शोधायला आले होते. पुढचे सिनेमे आले आणि गेले. 'बापाची सर नाही' हे वाक्य त्याला कायमचं चिकटलं. मग मालिकांमध्ये कोणाचा तरी दीर झाला. वडील वारले आणि त्याच्या वाट्याला दुकानांच्या फिती कापणं आलं.

गेल्या हिवाळ्यात तो आमच्याकडे एका साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाला आला. सकाळी साजिद गयावया करत होता, "अब्बा, आज तरी गादी बदलू द्या." शफीभाई म्हणाले, "अरे, आज तं त्याच्या बापाची जागा हाय ते!"

नीलाभ बसला. स्प्रिंग टोचली. बिचारा हसतच राहिला. एकामागून एक वक्ते उठले आणि सगळे वडिलांवरच बोलले. शेवटी फर्माईश झाली, वडिलांचा एक डायलॉग होऊन जाऊ द्या! तो माझ्या हातावर जोर देऊन उठला. त्याचा तळवा घामाने ओला होता. डायलॉग म्हटला, टाळ्या पडल्या आणि पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "पन बापाची सर नाई, राजा." ते ऐकून तो मटकन बसला, आणि टर्रकन आवाज झाला. पँट फाटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कार्यक्रम उरकल्यावर आम्हाला दुकानामागे नेलं. नीलाभ कमरेला मांडवाची झालर गुंडाळून एका पालथ्या बादलीवर बसला. साजिद पँट शिवू लागला. वर न बघताच तो म्हणाला, "सर, तुमी त्या पिच्चरमंधी कंपाउंडर होते ना? पोराले सुई देतानी त्याले हसवता, अन् मंग तोंड फिरवता."

"तो कुठेच चालला नाही."

"म्या लय येळा पायला."

नीलाभने विचारलं, "तोंड का फिरवलं, कळलं?"

"कळलं ना. त्याचं सोताचं पोरगं गेलं असन."

"हे सिनेमात कुठेही सांगितलेलं नाही," नीलाभ म्हणाला. "मी एकट्यानेच मनात धरलं होतं."

तेवढ्यात शफीभाई हात जोडत आले. "माफ करा साहेब. तुमच्या वडिलांची आठवन म्हनून गादी तशीच ठेवली."

"काका, बदलून टाका," नीलाभ म्हणाला. "वडील तिथून उठले त्याला फार वर्षं झाली. उगाच आम्हाला टोचत राहतं."

शफीभाईंनी 'आम्हाला' हा शब्द ऐकला असावा. त्यांनी साजिदकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "कैची कुठी हाय?"

आता माझी गादी हिरवी आहे, आत नवा फोम आहे. नाव गेलं तसं बोलावणंही कमी झालं. बहुतेक दिवस मी गोदामाच्या कोपऱ्यात, कनातींच्या शेजारी उभी असते. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण जो उठून गेला त्याच्यासाठी, जो बसायला आला आहे त्याला टोचत ठेवू नका.

परवा दुपारी शफीभाई गोदामात आले. इतक्या वर्षांत ते कधी माझ्यावर बसले नव्हते. इकडेतिकडे बघत बसले, पाठ टेकली आणि डोळे मिटून म्हणाले, "साजिद, गादी चांगली केली रे तुनं."

साजिद तोंड फिरवून दोऱ्या गुंडाळत राहिला.