चुन्याच्या क्रुसाचं गाडगं

“पहिली मूठ काढायची ती आपल्या वाट्यातली गं बाय. दुसऱ्याच्या वाट्यातली काढशील, तर देव ती हातात घ्यायचा नाही.”

आईचा आवाज. जात्याच्या घरघरीतून कधी काळी ऐकलेला. आई मातीत गेली, जातं माहेरी राहिलं. आवाज तेवढा सुवार्तेच्या कानात अजून दळण दळीत होता.

प्रवरेवर माघाची सकाळ उतरली होती. केशरधूसर, हिमस्पर्शी, निःशब्द. कापून आडव्या केलेल्या शाळूवर दव होतं, दवावर उजेड होता, आणि उजेडावर ख्रिस्ताच्या देवळातल्या घंटेची पहिली पितळी थरथर. आज सुगीचा सण. आज घरोघरची गाडगी वेदीपुढं जायची.

दर चुलीशी एक गाडगं, गाडग्यावर चुन्याचा क्रूस. दळायला बसलं की वाट्याच्या जोंधळ्यातली एक मूठ आधी त्यात टाकायची. एकच मूठ. ती देवाची. आणि साऱ्या वाडीत काठोकाठ भरलेलं गाडगं वर्षानुवर्षं एकच, सुवार्तेच्या सासूचं. सालोमीबाईचं.

फार वर्षांमागच्या त्या दुष्काळाच्या सालीही भरलं होतं ते. त्या करपलेल्या, ताम्रवर्ण, निर्जल सालीही.

प्रवरा वाळूची झाली होती. शांतवन, सुवार्तेचा नवरा, दूर खडी फोडायला गेलेला. घरात माणशी दोन मुठी जोंधळा. सुवार्ता एकोणीस वर्षांची, आणि तिच्या मांडीवर तीन महिन्यांची एस्तेर. कोवळी, कमलपापणी, भुकेली.

रोज सकाळी सासूचा हात खाली यायचा. स्वतःच्या वाट्यावरून पुढं सरकायचा, सुनेच्या वाट्यावर थांबायचा. मूठ उघडायची, मूठ मिटायची.

“देवाचं आधी. तू तरणी आहेस. पाणी पी वर.”

सुवार्ता पाणी प्यायची. पाण्याचं दूध होईना. छाती सुकली, ओठ सुकले; एस्तेरचं रडणं आधी आरोळीएवढं होतं, मग मांजराच्या पिलाएवढं, मग नुसतं उघडं तोंड. माघ सरता सरता एस्तेरची हातभर पेटी मातीत गेली. आणि पुढच्याच रविवारी, झेंडूच्या माळेत, क्रुसाखाली सालोमीबाईचं गाडगं उभं राहिलं. वेदीजवळून देवळाचे पाळक म्हणाले, पाहा, दुष्काळात दिलेलं दान पाहा. माणसं रडली.

सुवार्ता रडली नाही. तिला एकच वाक्य हवं होतं. ‘तुझी मूठ मी घेतली’, एवढंच. बावीस वर्षं तिनं त्याची वाट पाहिली.

मग शांतवन वारला. दोघीच उरल्या. सालोमीबाईचं उजवं अंग लुळं पडलं, डोळ्यांत धुकं भरलं, शाबूत राहिली ती जीभ. सुवार्तेनं तिचं हगणंमुतणं काढलं, पाठीला तेल लावलं, घास भरवले. वाडी म्हणायची, बायबलातली ती सासूला न सोडणारी सून, तशी आमची रूथ आहे हो ही.

आणि रोज सकाळी, त्या पुण्यवती रूथचा हात खाली यायचा. स्वतःच्या वाट्यावरून पुढं सरकायचा, सासूच्या वाट्यावर थांबायचा. मूठ उघडायची, मूठ मिटायची.

“देवाचं आधी, आत्याबाई. पाणी प्या वर.”

पुढ्यात यायची अर्धी भाकर. म्हातारी ती चघळायची, पाणी प्यायची. तिची मनगटं शाळूच्या धांड्यागत सुकली. सुवार्ता बघायची, क्षुधेच्या त्या मंद, निळ्या आगीवर एक वाक्य शिजतंय का, ते बघायची. शिजत नव्हतं.

आज प्रेमलाबाई गाडगी गोळा करायला आली. अघळपघळ, हसरी, शेजारची.

“काय गं रूथ, यंदाही पहिला नंबर तुमचाच! आमच्या गाडग्यात उंदरीण बाळंत झालीय, पिलांसकट घेऊन चाललेय देवापुढं.” तिनं सुवार्तेचं गाडगं उचलून पाहिलं. “अगं बाई, काय हे वजन! कुणाच्या तोंडचं काढता गं एवढं?”

चूल तडतडली. सुवार्तेच्या हातातलं पीठ हातातच राहिलं.

“माझ्या तोंडचं,” बाजेवरून म्हातारी म्हणाली. “मीच देते. खुशीनं.”

“धन्य हो तुमची, सालोमीबाई!” म्हणत प्रेमला गाडगं कडेवर घेऊन गेली, लेकरू न्यावं तसं.

सुवार्ता बसून राहिली. तिनं वर्षभर ओरबाडलं, आणि म्हातारीनं एका शब्दात त्याचं दान करून टाकलं. आता सूडही हातात उरला नाही. पिठानं माखलेले दोन हात तेवढे उरले. रिते, शुभ्र, लाजिरवाणे. आणि कानात जातं. आपल्या वाट्यातली गं बाय. आपल्या वाट्यातली.

तिनं स्वतःच्या पिठाची मूठ सासूच्या पिठात मिसळली. भाकर थापली, थाप, थाप, थाप. भाकर फुगली. पूर्णचंद्रासारखी, वाफाळती, अखंड. ती तिनं बाजेवर ठेवली.

सालोमीबाईनं डाव्या हातानं ती चाचपली. या काठापासून त्या काठापर्यंत.

“आज पुरी?”

“पुरी.”

“मग मूठ?”

“माझ्यातली काढली, आत्याबाई.”

भुकेनं जो चेहरा मोडला नव्हता, तो त्या ऊन भाकरीवर मोडला. म्हातारीनं अर्धी भाकर तोडून पुढं केली. सुवार्तेनं ती घेतली नाही. हात तसाच पुढं राहिला; वाफ विरत गेली, घंटा वाजत राहिली, उजेड क्रुसाच्या गाडग्याविना रित्या झालेल्या चुलीच्या कोपऱ्यापर्यंत आला.

“एस्तेर रडायची ते मला ऐकू यायचं, सुवार्ता,” सालोमीबाई म्हणाली. “ऐकू यायचं, म्हणून मी जातं जोरात फिरवायची.”