ळचा खण

नीळकंठाच्या थोरल्या भाच्याच्या घरी जुळ्या मुली झाल्या, ते वर्ष. बारशाला मांडवात दोन पाळणे जोडीने टांगले होते, आणि आत्याने घाईघाईत एकीचे नाव दुसरीच्या कानात सांगितले म्हणून सारा मांडव हसला होता. ते हसू विरते न विरते तोच वैशाख आला.

वैशाख आला तो तांब्याचा, तापलेला, तहानलेला. पूर्णेचे पात्र वाळूचे झाले. काळी जमीन भेगाळली, आणि भेगाभेगांतून जणू जमिनीचाच श्वास बाहेर येऊ लागला. निंबाचा मोहोर झडून गेला. बहावा तेवढा फुलला. सोनझुंबरी, सोनओघळी, उन्हाला उन्हानेच उत्तर देणारा बहावा.

त्या बहाव्याच्या मागे, सरकीच्या बंद पडलेल्या कारखान्याला लागून, टिनाच्या छपराखाली नीळकंठ धोटे यांचा छापखाना होता.

छापखान्याला उन्हाचे भय होते. अक्षरांवर शाई फिरवणारा रूळ सरस आणि काकवी आटवून ओतलेला. थंडीत तो ताठ उभा राही, पावसात फुगून बसे. वैशाखात मात्र टिन तापले की तो घामेजे, मग मऊ पडे, मग शाईबरोबर स्वतःलाही सांडू लागे. म्हणून वैशाखातली छपाई सकाळची. बहाव्याच्या शेंड्यावरचे ऊन बुंध्याशी उतरेपर्यंत जे छापले, ते छापले.

त्या सकाळी उन्हाला फार घाई होती. की माणसांना होती, म्हणून उन्हाची वाटत होती.

नीळकंठाची थोरली बहीण देवका. वऱ्हाडी रीतीने तो तिला बाई म्हणे. तो तिच्या कडेवर वाढला, आणि तो कडेवर होता म्हणूनच ती शाळेच्या पायरीशी थांबली. त्याने पाटी उचलली तेव्हा तिने विळा उचलला. त्याचे अक्षर वळणदार झाले; तिचे हात घट्टे पडून वळले.

केस पिकल्यावर, नवरा गेल्यावर, सुना घरात रुळल्यावर ती मारुतीच्या पारावर भरणाऱ्या प्रौढांच्या वर्गात जाऊन बसली. अक्षरे तिला एकेक करून भेटली, माहेरचे माणूस बाजारात अवचित भेटावे तशी. क भेटला, म भेटला. ळ भेटला तेव्हा तिला हसू आले.

“दोन वाटोये आन मधात गाठ,” ती म्हणाली. “याचं आमच्यात काही काम पडत नाही.”

आणि खरेच पडत नसे. त्या मुलखाच्या जिभेवर ळ बसत नाही. आभाळ तिथे आभाय होते, काळी माती कायी होते, डोळे डोये होतात. नीळकंठाला ती जन्मापासून नियकंठ म्हणत आली होती.

मग तिने लिहिले. कापूसवेचणीचे दिवस, विहिरीचे तळ, मेलेले बैल, जिवंत सासू. जशी बोलली तशी लिहीत गेली. पानांमागून पाने, जसे वावरात नांगराच्या तासामागून तास.

आणि लिहिता लिहिता तिच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. शेवाळ तळ्याला काठाकाठाने वेढीत जाते, तसा अंधार कडेकडेने येऊ लागला. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करू. उजेड राहील, न राहील, सांगता येत नाही. त्याच दिवशी दुपारच्या मोटारीने तिला नागपूरला न्यायचे होते.

तिचे मागणे एकच होते. जाण्याआधी आपल्या पुस्तकाचा पहिला फर्मा, पहिल्या पानांचा तो एक मोठा ताव, शाई ओली असताना, आपल्या डोळ्यांनी वाचायचा. कोणी वाचून दाखवलेला नको.

“आयकाले तं मी जलमभर आयकलं,” ती म्हणाली होती.

नीळकंठाचे सारे उमेदीचे आयुष्य शहरातल्या एका मोठ्या प्रकाशनगृहात गेले होते. तिथे उंच जिने होते, जाड पडदे होते, आणि हस्तलिखितांचे ढीग खोलीखोलीत ढगांसारखे साचलेले. तो मुद्रिते तपासायला लागला आणि संपादक होऊन निघाला. तिथे तो शिकला की पुस्तकाला शाईपेक्षा धीर जास्त लागतो. शिकला की नाकारलेले हस्तलिखित दोन्ही हातांनी परत द्यावे, कोणाचे तरी तान्हे परत द्यावे तसे. शिकला की लेखकाची तोंड भरून स्तुती करणारे पुस्तक खपवीत नाहीत, आणि पुस्तक खपवणारे लेखकाला भेटत नाहीत.

आणि तिथेच त्याच्या हाताला एक सवय लागली. कागदावर डोये दिसले की लाल शाईने डोळे. फय दिसले की फळ. गाईच्या पाठीवर माशी बसली की शेपूट जावे, तसा हात आपसूक जाई.

मग एका वर्षी तो ते जिने उतरला आणि या टिनाखाली त्याने स्वतःचे प्रकाशन मांडले. मोठ्या घरचे पुस्तक बग्गीत बसून जाते, पण लगाम दुसऱ्याच्या हाती, असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. छोट्या घरचे पुस्तक आपल्या खांद्यावर बसून जाते. खांदा सोलतो, पण वाट आपली. त्याने वाट आपली निवडली होती. हाताची सवय मात्र त्याच्याबरोबर बग्गीतून उतरून आली होती.

देवकाच्या पानांवरही ती लाल शाई फिरली. तिला न विचारता फिरली. प्रेमाने फिरली.

चांदभाई हा तिथला खिळेजुळारी; शिशाच्या अक्षरांचे खिळे लाकडी खणांतून उचलून ओळ जुळवणारा. गालात सुपारी, बोटांत पाखरांची घाई. त्याने नीळकंठाच्या दुरुस्तीबरहुकूम ओळी जुळवल्या, आणि फर्म्याच्या शेवटच्या पानांशी येऊन थांबला.

“साहेब, ळचा खण झाला साफ,” तो म्हणाला. “इतके ळ या गावानं जलमात पाह्यले नाही. आता काय माहे दात लावू?”

नीळकंठाने अकोल्याला निरोप धाडला होता. पहिल्या एसटीने ळ येणार होते. तोवर छापखान्याची रीत होतीच. जे अक्षर नसेल त्याच्या जागी कोणताही खिळा उलटा लावायचा. उलट्या खिळ्याचे बूड छापले जाते, एक काळा ठोकळा उमटतो; खरे अक्षर आले की ठोकळा काढायचा. चांदभाईने खिळे उलटे लावले आणि एक कच्चे मुद्रित काढून जुळणीच्या दगडी मेजावर ठेवले.

गाडी आली. धूळ आली, दुधाचे कॅन आले, वर्तमानपत्रांचा गठ्ठा आला. ळ आले नाहीत.

बहाव्याच्या शेंड्यावर ऊन आले.

आणि देवका आली. नवे लुगडे नेसलेली, नागपूरचे गाठोडे सुनेजवळ ठेवून एकटीच, वाटेवर पाय चाचपीत. दगडावरचा कागद तिने कोणाला न विचारता उचलला. माहेरचा होता तो. उंबऱ्यावर, उजेडाकडे तोंड करून ती बसली, आणि भिंगाच्या चष्म्याआडून, अक्षराखाली बोट धरून वाचू लागली.

पहिल्याच ओळीत बोट थांबले.

“हे कोनाचं आभाळ हाय रे, नियकंठ?” तिने विचारले. ळ तिने जिभेवर खड्यासारखा घोळवला. “माह्या वावरावरचं तं नोहे.”

त्याने समजावले. पुस्तक दूर जायचे आहे, दूरचे लोक वाचणार आहेत, ते याला चूक म्हणतील, हसतील. ग्रंथालयांसाठी निवड करणारे पहिल्या पानावरच बाजूला ठेवतील. त्याचे बोलणे शांत होते, घासलेले होते, पुष्कळांना सांगून गुळगुळीत झालेले होते.

“लोक हासतीन म्हनून मी काय दुसऱ्याच्या तोंडानं जेवू?” ती म्हणाली.

तो ओशाळला, पण वळला नाही. वेळ नाही बाई, म्हणाला. ऊन चढते आहे, हे असेच जाऊ दे, पुढच्या आवृत्तीत पाहू. पुढच्या आवृत्तीत पाहू, हे त्याने शहरात कितीतरी लेखकांना सांगितले होते. त्या पुढच्या आवृत्त्या कधी आल्या नव्हत्या.

तिने ताव उलटला. बोट पुन्हा चालू लागले.

ऊन शेंड्यावरून फांद्यांत उतरले. टिन कुठेतरी टक् करून वाजले. चांदभाईने रुळाला तळवा लावला आणि तळवा पाहिला.

देवकाचे बोट पुन्हा थांबले होते.

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, घातला. कागद उजेडाकडे कलता केला. एक डोळा झाकून पाहिले. दुसरा झाकून पाहिले. दोर सुटलेली बादली विहिरीत जावी तसा तिचा चेहरा आत आत गेला.

“आला रे,” ती हलकेच म्हणाली. “कडंकडंनं येत होता, आता मधात आला. अक्षरायच्या जागी नुसतं कायं दिसते.”

तिने चष्म्याच्या काड्या मिटल्या. कागद गुडघ्यावर नीट ठेवला, त्याची सुरकुती हाताने सारखी केली.

“नागपूरले कायले जाता आता,” म्हणाली. “राहू द्या.”

नीळकंठ वाकला. त्याने कागद पाहिला. डो, आणि पुढे काळा ठोकळा. आभा, आणि पुढे काळा ठोकळा. का, आणि पुढे काळा ठोकळा. या शेवटच्या पानांवर जिथे जिथे त्याची लाल शाई गेली होती, तिथे तिथे काळोख छापून आला होता.

तो तिच्यासमोर खाली बसला. मातीत, लहानपणी बसे तसा. काय बोलायचे ते शोधू लागला, आणि शहरात घडवलेली, घासलेली, पुसलेली त्याची जीभ एकाएकी अडली. तिच्याखालून दुसरी जीभ वर आली. जुनी. कडेवरची.

“बाई,” तो म्हणाला, “तुह्या डोयात नाही. कागदावर हाय ते. मीच केलं.”

ती त्याच्याकडे पाहत राहिली.

“काय म्हनला?”

“डोयात नाही म्हनलो.”

“आनखी एकडाव म्हन.”

त्याने म्हटले.

तिने एका ठोकळ्यावर अंगठा टेकला. शाई ओली होती, अंगठ्याला आली. ज्या अंगठ्याने ती जन्मभर लोकांच्या कागदांवर ठसे देत आली होती, तोच तो अंगठा. काळा, रेघारेघांचा. ती त्याच्याकडे पाहून हसली, आणि तिचे हसणे संपायच्या आत नीळकंठ उठला होता.

“चांदभाई, फर्मा सोडा. ळ काढा, ठोकळे काढा. सगळीकडं य लावा.”

“सगयीकडं?”

“सगळीकडं.”

“मंग कालपासून माही कंबर कायले मोडली, साहेब?” चांदभाई म्हणाला, पण त्याचा हात तोवर चिमट्यावर गेला होता.

ऊन फांद्यांत होते. फर्मा सुटला, लोखंडी चौकटीत आवळलेल्या ओळी मोकळ्या झाल्या. एक ओळ चांदभाईकडे, एक ओळ नीळकंठाकडे. चिमट्याने ळ उचलायचा, टिनाच्या ताटलीत टाकायचा. यच्या भरल्या खणातून य घ्यायचा, जागी बसवायचा. ताटलीत शिसे वाजत होते. गारांसारखे वाजत होते. घाम भुवईवरून ओळींत पडत होता आणि कोणी तो पुसत नव्हते. लेखकाच्या तोंडचे अक्षर म्हणजे त्याच्या तोंडचा घास. इतक्या वर्षांच्या धंद्याने जे शिकवले नाही, ते नीळकंठाची बोटे त्या वेळी शिकत होती, खिळ्या-खिळ्याने, घाईघाईने, उशिरा.

ऊन बुंध्याकडे निघाले. रूळ चमकू लागला. त्याला घाम फुटला. एक ओळ राहिली. अर्धी राहिली. फर्मा आवळला, ठोकून सारखा केला, यंत्रावर चढवला. चांदभाईने पायटा दाबला. चाक गरगरले. रूळ अक्षरांवरून गेला, कुरकुरला, चिकटला, सुटला.

एक ताव निघाला. त्या दिवशी तेवढा एकच निघाला.

कडेची अक्षरे जरा जाड आली होती, ओलसर, नुकतीच रडून उठल्यासारखी. पण होती. सगळी होती.

देवकाने तो ताव ओंजळीत घ्यावा तसा घेतला. बोट चालू लागले. आभाय. कायी माती. डोये. कुठेही थांबले नाही. सासूच्या पानावर ती एकदा खुदकन हसली, आणि का ते कोणी विचारले नाही. बहाव्याच्या बुंध्याशी ऊन आले, उंबऱ्यावर आले, तिच्या पायांवर आले. मोटारीची वेळ होईपर्यंत ती वाचत होती. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून, घडी न घालता, तो ताव तिने दंडाशी धरला आणि नागपूरला गेली.

उजेड राहिला नाही.

बाकीचे फर्मे छापत राहिले, पावसातून, पोळ्यातून, दिवाळीतून. सगळे यचे. लेखकाचे आणि प्रकाशकाचे नाव असते ते पान छापखान्यात शेवटी जुळते. त्या दिवशी चांदभाईने गालातली सुपारी फिरवली आणि विचारले, “ळ आता ढीगभर हायत, साहेब. तुमच्या नावाले एक लावू?”

नीळकंठाने ताटलीतला एक ळ उचलला. सदऱ्याला पुसला. पाहिला. आणि त्याच्या खणात परत ठेवून दिला.

पुस्तक घरी आले तेव्हा देवकाने ते मांडीवर उघडले. छापखान्यातला खिळा कागदाला दाबतो. अक्षर शाईने दिसते आणि खळीने लागते. तिने त्या पानावर अंगठा टेकला आणि सावकाश पुढे नेला, अंधारात पाणंद चालावी तसा. प्रकाशकाच्या नावापाशी आली. पहिले अक्षर. दुसरे अक्षर. तिथे ती थांबली. तिथे दोन वाटोये नव्हते. मधात गाठ नव्हती.

प्रकाशक, नियकंठ सोनाजी धोटे, त्याच वर्षी मार्गशीर्ष वद्य एकादशीला, सकाळी, छापखान्यात वारला.