झांजेची कोर

मित्रांनो, मी एक जुनी झांज आहे. देवळात जोडीने हातात धरतात ती नव्हे, मी एकटी. ऑर्केस्ट्रात ड्रमवाल्याच्या उजव्या हाताशी, लोखंडी दांड्यावर जराशी तिरपी बसणारी, परातीएवढी. आज मला पाहाल तर ओळखणार नाही. माझ्या अंगावर सायकलच्या ट्यूबचे काळे रबर आहे आणि पोटाखालून दोन वायरी निघतात. पण रबराखाली अजून तेच कासे आहे आणि त्या काशात एक भेग आहे.

भेग पडण्याआधी मी मोठ्या रुबाबात होते. समुद्रपूरच्या प्रभाकररावांच्या ऑर्केस्ट्रात मला हेमराज वाजवत. दिवसा ते पंपाच्या जळालेल्या मोटारींच्या तारा पुन्हा गुंडाळून देत, आणि लग्न असो की जयंती, संध्याकाळी पांढरा सदरा घालून माझ्याजवळ येऊन बसत. गाण्यात जिथे सगळी वाद्ये एकदम थांबतात त्या जागेला आमच्याकडे 'तोड' म्हणतात. तोड आली की हेमराज मला काठीने जोरात मारत आणि लगेच डाव्या हाताच्या बोटांनी माझा कडेचा भाग धरत. माझा आवाज जागच्या जागी थांबे. मग एक क्षण सगळा मांडव श्वास रोखून उभा राही. लोक टाळ्या वाजवत त्या मारण्याला नव्हे, त्या थांबण्याला.

पवनारच्या एका लग्नात वाऱ्याने माझा दांडा कलंडला आणि मी फरशीवर पडले. कडेपासून आत भेग गेली. त्यानंतर माझ्यातून फुटक्या ताटासारखा आवाज येऊ लागला. हेमराजांनी मला घरी आणून मोटारींच्या ढिगावर ठेवले. तिथे धूळ खात मी बराच काळ पडून होते. कोणी वाईट वागले नाही, पण कोणी हातही लावला नाही.

मग प्रभाकररावांनी एक जुना इलेक्ट्रॉनिक ड्रम आणला. त्याला रबरी थाळ्या होत्या आणि आवाज काढणारा एक डबा होता. थाळीवर मारले की वायरीतून डब्याला कळायचे आणि डबा आवाज काढायचा. त्यातली झांजेची थाळी मात्र मोडलेली होती.

"नवी मागवतो," प्रभाकरराव म्हणाले.

"कायले?" हेमराज म्हणाले. "घरी एक पडून हाये ना. हिलेच बसवतो."

"ते फुटकं ताट?"

"ताट नको म्हणू, प्रभाकर. तिच्या भरवशावर तू नवरदेवापेक्षा जास्त फोटो काढून घेतले."

असा माझा दुसरा जन्म सुरू झाला. हेमराजांनी भेगेच्या टोकाशी एक बारीक भोक पाडले, म्हणजे भेग पुढे सरकणार नाही. मग त्यांनी माझ्या तीन जागा ठरवल्या. मधला उंचवटा म्हणजे टोपी, पसरट भाग म्हणजे पाठ आणि कडेचा भाग म्हणजे कोर. "भाकरीले असते तशी कोर," ते आपल्या पत्नीला, मंदाबाईंना, समजावून सांगत. टोपीखाली आणि पाठीखाली त्यांनी एकेक पितळी चकती चिकटवली. वाढदिवसाच्या गाणाऱ्या कार्डात असते तशी ती पातळ चकती; तिला धक्का लागला की ती वायरीतून इशारा पाठवते. कोरेवर तांब्याच्या दोन पट्ट्या एकावर एक बसवल्या आणि मध्ये स्पंजचे तुकडे दिले. कोर दाबली की पट्ट्या एकमेकींना टेकत. वरून रबर चढवले. टोपीची एक वायर, पाठ आणि कोर मिळून दुसरी.

पूर्वी मी स्वतः बोलत असे. आता माझे काम बोलणे नव्हते, सांगणे होते. मला कुठे लागले आणि किती जोरात लागले, एवढेच.

पहिल्या दिवशी टोपीवर काठी पडली आणि डब्यातून 'टिंग' आले. पाठीवर पडली, लांब झंकार आला. कोरेवर पडली, आणि काहीच आले नाही. पुन्हा मारली. काही नाही. बोटांनी धरली, तरी पाठीचा झंकार आपला चालूच राहिला.

मंदाबाई दारातून बघत होत्या. "दोन तर बोलून राह्यल्या ना? मंग काऊन इतकं तोंड पाडता?"

"अवं, कोर नाई बोलली तर तिले थांबवाची कशी? सुरू होणं काय, कोणालेही येते."

हेमराज त्या कोरेच्या मागे लागले, पण त्याच महिन्यात त्यांना दम लागू लागला. एक दिवस त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेले. मी टेबलावर तशीच राहिले, माझ्या दोन्ही वायरी गुंडाळून.

त्यांची मुलगी मयुरी हिंगणघाटला शाळेत शिकवते. ती दवाखान्यात राहिली. एका संध्याकाळी ती कपडे न्यायला घरी आली, तेव्हा माझ्यासमोर उभी राहून आईला म्हणाली, "आई, बाबाले बोलता येऊन नाई राह्यलं. पण आज म्हणाले, 'कोर बदलजो.' मी विचारलं, झांजेची? तर हो म्हणून मान हलवली. मंग तीन बोटं दाखवली."

"तिसरा आवाज म्हणत असतीन," मंदाबाई म्हणाल्या. "तोच घोर होता त्याईले."

हेमराज परत आले नाहीत.

मित्रांनो, त्या घरात नंतर काय झाले ते मी सांगत बसणार नाही. मोटारींची दुकाने बंद होतात, चपला दारातून आत घेतल्या जातात, तुम्हाला ठाऊक असेल. मी टेबलावर होते. मंदाबाई टेबल पुसत, पण मला उचलून न पुसता, माझ्या भोवतीने.

काही काळाने प्रभाकरराव घरी आले. हेमराजांच्या नावाने ऑर्केस्ट्राचा एक कार्यक्रम करायचे ठरले होते.

मयुरी म्हणाली, "काका, झांज बाबाची लावा."

प्रभाकररावांनी मला उलटून पाहिले. "बेटा, माह्या मनात नाई असं नाई. पण शेवटचं गाणं तोडीचं हाये. सगळे थांबले आणि हे बाई वाजतच राह्यली तर? लोक हसतीन. आणि हसतीन कोणाच्या नावावर? हेमराजभाऊच्या."

"तालमीपर्यंत कोर बोलली तर?"

"तर लावतो. नाई तर मी दुसरी थाळी मांगून आणतो. तू मनाले लावून घ्यायचं नाई."

"मनाले नाई लावत," मयुरी म्हणाली. "कामाले लागते."

आणि ती खरोखर लागली. तिने माझ्या कोरेवरचे रबर हळूच उकलले, तांब्याच्या पट्ट्या काढल्या, घासल्या, पुन्हा बसवल्या. आवाज आला नाही. स्पंज पातळ लावून पाहिला. नाही. सोल्डर नव्याने केले; बोट भाजले, ते तोंडात धरून पुन्हा केले. नाही. बाबांनी कोर बदल म्हटले होते, म्हणून ती कोर बदलत होती. तिच्या हाताला घाई नव्हती, पण प्रत्येक वेळी रबराचा थोडा भाग फाटत गेला. त्या रबराच्या आतल्या बाजूला वाळलेल्या गोंदात हेमराजांच्या अंगठ्याचे ठसे होते. मयुरीने ते पाहिले होते. ती रबर नेहमी ते ठसे सोडून, बाजूला धरून उचलत असे.

शेवटी रबर इतके विरले की आणखी एकदा उकलले असते तर तुकडेच झाले असते. सगळे खरवडून नवी कोर लावायची, एवढेच उरले होते. मंदाबाई म्हणाल्या, "राहू दे वं पोरी. त्याईचा हात लागलेलं तेवढंच हाये."

"आई, बाबांनीच सांगितलं बदलाले," ती म्हणाली.

मला सगळ्या वायरींसकट कापडी पिशवीत घालून ती वासुदेवरावांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेली. तांब्याची पट्टी माझ्या मापाने घ्यायची होती. दुकानात आमच्या पुढे एक गिऱ्हाईक होते. त्याला कूलरसाठी वायर हवी होती.

"किती कोरची देऊ?" वासुदेवरावांनी विचारले. "दोन का तीन?"

पिशवीतून मला मयुरीचा हात घट्ट झाल्याचे जाणवले.

"काका, काय म्हणालात?"

"तुले नाई वं, याले विचारून राह्यलो. कोर. वायरीच्या आतल्या तारा. कूलरले अर्थिंग लागते ना, तीन कोरची पाह्यजे." मग त्यांनी पिशवीकडे पाहिले. "झांजेचं काम चालू हाये का अजून? तुह्या बाबानं तिची वायर माह्याच इथून नेली होती. दोन कोरची. मी म्हणलं, गड्या, पुरते का? तर म्हणे, पुरते."

मयुरी तिथेच दुकानाच्या पायरीवर बसली. तिने मला मांडीवर घेतले, पाठ आणि कोर यांची वायर काढली आणि पिनेवरचे झाकण फिरवून उघडले. आत पिनेला तीन कड्या होत्या. दोन कड्यांना तारा होत्या. तिसरी कडी रिकामी होती, चकचकीत, कोणीही न शिवलेली.

मित्रांनो, माझ्या पोटापर्यंत सगळे बरोबर होते. कोर दाबली की मी सांगत होते, प्रत्येक वेळी सांगत होते. पण पाठीची हाक न्यायला एक तार आणि परतीची एक तार, एवढ्यातच वायर संपत होती. कोरेची हाक न्यायला तिसरी तारच नव्हती. हेमराजांना हे दवाखान्यात पडल्या पडल्या कळले असावे. त्यांनी सांगितलेही. ते कारागिराच्या भाषेत बोलले आणि मुलीने ते घरच्या भाषेत ऐकले.

मयुरीने त्या रिकाम्या कडीवरून अंगठा फिरवला. मग तीन बोटे वर करून म्हणाली, "तीन कोरची द्या, काका."

तालमीला हेमराजांच्या जागी नागेश नावाचा मुलगा ड्रमवर होता. मला दांड्यावर बसवताना तो म्हणाला, "ताई, हिचं रबर तर पार जुन्या चपलेसारखं झालं."

"चपलेनं चालणं सोडलं नाई, तोवर तिले चप्पलच म्हणतात," मयुरी म्हणाली. "वाजव."

प्रभाकररावांनी शेवटचे गाणे धरले. तोड आली. नागेशने माझ्या कोरेवर काठी मारली आणि डब्यातून भरघोस आवाज उसळला, कितीतरी काळानंतर पहिल्यांदा. लगेच त्याने बोटांनी माझी कोर धरली.

सगळे थांबले. मीही.

त्या शांततेत कोणी टाळी वाजवली नाही. प्रभाकररावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि इतकेच म्हणाले, "लावतो हे. हेच लावतो."

मयुरी पुढे आली. तिने नागेशची काठी घेतली, एकदा कोरेवर मारली आणि आवाज जाऊ दिला, लांब, अगदी खोलीच्या कोपऱ्यांपर्यंत. तिने घाई केली नाही. मग जिथे रबराखाली अंगठ्याचे ठसे आहेत नेमक्या त्या जागी तिने बोटे ठेवली.

कार्यक्रमात मी वाजले. लोक हसले नाहीत.

आता मी म्हातारी झाले आहे, पण कामात आहे. तुमच्यापाशी माझे मागणे थोडे आहे. पिन काढताना वायर ओढू नका, पिनेला धरून काढा. वायर मुडपून खोक्यात कोंबू नका. एखादी वस्तू बोलेनाशी झाली तर तिला लगेच उसवू नका. तिचे म्हणणे ज्या वाटेने जाते ती वाट आधी उघडून पाहा. आणि मला वाजवाल तेव्हा जोरात वाजवा, पण शेवटी माझी कोर धरा. मला आता थांबता येते.