मिसेस भोळे

आमच्या भुसावळच्या शाळेत बाकी सगळ्याजणी 'मॅडम', सुलक्षणा तेवढी 'मिसेस भोळे'. हे तिनंच लावून घेतलेलं. कुणी चुकून भोळे मॅडम म्हटलं की ती लगेच दुरुस्त करायची. मला या हट्टाचा राग यायचा. तिचा नवरा हितेंद्र दीपनगरच्या वीजकेंद्रातून बदली होऊन धुळ्याला गेला, तिथं बेबाबाई म्हणून एकीच्या खाणावळीत जेवायला जाऊ लागला आणि हळूहळू तिथंच राहिला. घटस्फोट नाही, भांडण नाही, मूलबाळ नाही. सुलक्षणाजवळ उरलं होतं ते एवढं 'मिसेस', आणि ते ती मंगळसूत्रासारखं जपायची.

मी इंग्रजी शिकवते. एकदा नववीतल्या एका मुलीनं विचारलं, मिसेस हे कशाचं आखूड रूप? वर्गात उत्तर दिलं, तरी माझं पोट भरलं नाही, म्हणून स्टाफरूममध्येही तेच पुराण लावलं. मूळ शब्द मिस्ट्रेस. जुन्या काळी इंग्लंडात जिच्या कमरेला घराच्या किल्ल्या, जिच्या हाताखाली माणसं, जी आपलं दुकान नाहीतर खाणावळ चालवते, ती मिस्ट्रेस. लग्न झालेलं असो की नसो. म्हणजे आपल्याकडची मालकीण. पुढं लोक तो शब्द तोंडातल्या तोंडात आखूड करू लागले. ते आखूड रूप लग्नाच्या बायकोकडं गेलं, आणि लांब रूपाची इतकी अब्रू गेली की आता ते फक्त ठेवलेल्या बाईला लावतात.

सुलक्षणा वह्या तपासत होती. "म्हणजे दोघी एकाच शब्दातल्या?" तिनं विचारलं.

"एकाच."

"मग मला आपला आखूडच बरा," ती म्हणाली. सगळ्या हसल्या, तीही हसली आणि पुन्हा वह्यांकडे वळली.

हितेंद्रला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तिला निरोप मिळाला होता. "बोलावलं तर जाईन," ती म्हणाली. बोलावणं आलं नाही. चार वर्षं तो तिकडं पडून होता आणि ही इकडं वाट बघत होती. या उन्हाळ्यात तो गेला. अंत्यविधी उरकल्यावर भाऊबंदांनी कळवलं, म्हणून तोंडही बघायला मिळालं नाही. तिच्या चुलतसासऱ्यांनी, आबांनी ठरवलं की तो ज्या दारातून गेला त्याच दारात, म्हणजे बेबाबाईकडं, गंधमुक्ती करून सुतक फेडायचं. सुलक्षणाचा भाऊ योगराज माहेरची साडी घेऊन निघाला. आमच्याकडं त्या दिवशी विधवेला पाटावर बसवून तिच्या खांद्यावर माहेरची साडी घालतात. म्हणजे बायको कोण, हे चारचौघांत ठरून जातं. मी सोबत गेले, कारण तिला एकटीला सोडवेना.

गाडीत एरंडोल आल्यावर ती म्हणाली, "शीतल, तिनं आज पाटावर बसायचं म्हटलं, तर मी ऐकून घेणार नाही. मी मिसेस भोळे आहे. एवढं तरी माझं राहू दे."

"राहील," मी म्हणाले. मीही बाह्या सरसावूनच बसले होते.

बेबाबाईचं घर म्हणजे पुढं एक खोली आणि मागं मोठं स्वयंपाकघर. मागच्या दोरीवर जुन्या धोतरांचे चौकोनी तुकडे अजून वाळत होते. आजाऱ्याखाली घालायचे. बेबाबाई चुलीजवळच होती. उंच, काळीसावळी, हातांची कातडी धुण्यानं फाटलेली. आम्हाला बघून ती उठून उभी राहिली.

"ह्या कोन शेतस वं?" शेजारच्या म्हाताऱ्या धुरपदाबाईनं विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात बेबाबाईच बोलली. "घरनी मालकीन शेतस त्या." मग पदर सारखा करून म्हणाली, "मी डबा करनारी."

भांडायला आलेल्या आम्ही दोघी तिथंच गार पडलो. तिनं मागितलंच नाही काही. तिचं माहेर सोनगीरचं, गाडीनं अर्ध्या तासाचा रस्ता, पण भाऊ फिरकला नव्हता. तिच्यासाठी साडी आणणारं कुणीही नव्हतं.

आबा म्हणाले, "सुनबाई, त्याच्या आवडीचं ताट वाढायचं आहे. काय करायचं ते सांग."

सुलक्षणानं क्षणाचाही विचार केला नाही. "शेवभाजी. तर्रीवाली, झणझणीत. आणि कळण्याची भाकरी." तिच्या आवाजात किती दिवसांनी हक्क ऐकला मी.

बेबाबाईनं मान हलवली, मसाला भाजायला घेतला. घरभर ठसका उठला. भाजी झाली, भाकरी झाली, ताट वाढून सुलक्षणाच्या हातात दिलं. ते फोटोपुढं ठेवताना धुरपदाबाई डोळे पुसत म्हणाली, "आते खा रे भाऊ पोटभर. चार वरीस व्हयनात, घास गळाखाले उतरे नही. बेबाबाई खिचडी घोटीसन, गाळीसन चमचावरी पाजे."

सुलक्षणानं ताटातल्या लाल तर्रीकडं पाहिलं.

योगराजनं साडी उघडली आणि तिच्या खांद्यावर घातली. बायकांनी रडं काढलं. आबांनी डोळे मिटून हात जोडले. ठरून गेलं. जे मागायला ती इतक्या लांब आली होती, ते सगळ्यांच्या देखत तिच्या पदरात पडलं.

ती उठली. स्वयंपाकघरात गेली. बेबाबाई पाठमोरी बसून तवा घासत होती. सुलक्षणानं खांद्यावरची साडी काढून तिच्या खांद्यावर घातली. योगराज "ताई" म्हणून पुढं झाला, तसा मी त्याचा हात धरला. बेबाबाईच्या हातातला तवा खाली पडला. त्या बाईला इतक्या दिवसांत बहुधा पहिल्यांदाच रडायची परवानगी मिळाली होती. ती ज्या आवाजात रडली तो अजून माझ्या कानात आहे.

सुलक्षणा मात्र तिथं रडली नाही. परतताना पारोळा मागं पडल्यावर रडली. "मी तिखट सांगितलं गं," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होती. "त्याला घोट गिळवत नव्हता आणि मी तिखट सांगितलं." मी नुसता तिचा हात धरून बसले.

शाळा सुरू झाली. शिपाई अजूनही दारातून "मिसेस भोळे" अशी हाक मारतो. सुलक्षणा ओ देते. पण आधी क्षणभर दाराकडं बघते, दुसरी कुणी आत येते आहे का म्हणून.