लाकडी पियानो

‘प्रभागातील एकाही बालकात श्रवणदोष आढळला नाही,’ असे शिबिराच्या फलकावर छापले होते. शेजारी आयोजक कुणालचा फोटो, हात जोडून. विधान निर्दोष होते. जे शोधलेच नाही ते आढळत नाही, यात खोटे ते काय? शिबिर भरले कुणालच्याच कारखान्याच्या दारात, आत कापड विणणारे लूम धडधडत असताना. तपासणाऱ्या बाईंनी मुलांच्या डोळ्यांसमोर खुळखुळा हलवला, मुलांनी खुळखुळ्याकडे पाहिले, आणि श्रवणशक्ती सिद्ध झाली. लूम थोडा वेळ थांबवता येतील का, असे त्या बाईंनी भीतभीत विचारलेही होते. “शिफ्ट मोडते,” कुणाल म्हणाला. या उत्तरावर भिवंडीत अपील नसते.

कुणालची बायको नेत्रा खारबावची. तिच्या वडिलांची पेटी गावच्या भजनात वाजे, आणि भात्यावरचा हात कधी तिचा असे. लग्न होऊन ती कारखान्यावरच्या माळ्यावर राहायला आली आणि तिचे गाणे खालच्या धडधडीत बुडाले. त्या घरात माणसे हातांनी बोलत. ओठाला अंगठा म्हणजे चहा, पोटावर थाप म्हणजे जेवायला चला. लाइट जाऊन लूम थांबले, तरी सवयीने हातच हलत. तीन वर्षांची रुचिका ही भाषा घरात सर्वांत सफाईने बोले. तोंडाने मात्र एक शब्द नाही.

“लूमवाल्याची पोर हाय ती,” सासूबाई, जानकीबाई, म्हणत. “कुणाल तरी कवा बोललेला लवकर? आता बघ, गप बस म्हटलं तरी बसत न्हाय.”

नेत्राने ते मानले, कारण तिच्यापाशी स्वतःचा एक पुरावा होता. ती अंगाई म्हणू लागली की रुचिका तळहात आईच्या गळ्यावर ठेवी आणि गाणे संपेपर्यंत काढत नसे. पोर सुरात रमते, असे नेत्रा स्वतःला सांगे. एक दिवस ती आपला सा परत देईल, एवढीच तिची आस होती, आणि त्यासाठीच ती रुचिकाला घेऊन, तिच्या वाढदिवसाचा खेळण्यातला पियानो घ्यायला, मंडईतल्या बाळारामच्या खेळण्यांच्या दुकानात आली.

“वहिनी, हा ससेवाला घ्या,” बाळाराम म्हणाला. “बटन दाबलं की गाणी चालू.”

“गाणी तोच म्हणणार, मग माझी पोरगी काय करणार?”

“नाचंल की! आन् तुमी डोक्याला बाम लावाल.”

नेत्रा हसली. डोळे मिटून तिने एकेक पियानो वाजवून पाहिला. एकाचा पंचम उतरलेला, दुसरा नुसताच किंचाळणारा. शेवटी एक छोटा लाकडी निघाला, आत धातूच्या पट्ट्या असलेला. त्याचा सा कानी पडला आणि वडिलांच्या पेटीचा भाता जणू हाताखाली आला.

रुचिका मात्र जमिनीवर बसून ससेवाला दोन्ही हातांनी बडवत होती.

“गंमत बघा वहिनी,” बाळाराम म्हणाला, “त्यातले सेल मी कवाच काढलेत. वाजत न्हाय काय न्हाय, तरी कशी रंगलीय!”

नेत्राला पुन्हा हसू आले आणि अर्ध्यावर विझले. तिने लाकडी पियानो लेकीच्या पाठीमागे ठेवला आणि सा दाबला. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या कडेवरचे तान्हे वळले. तिने जोरात दाबला. मग हाक मारली, “रुचिका!” रुचिका सशाच्या मुक्या पट्ट्या बडवत राहिली.

आईची सावली अंगावर पडली तेव्हा ती वळली आणि तिने लाकडावर तळहात ठेवला. नेत्राने पुन्हा सा दाबला. पोरीचा चेहरा उजळला. हात तिथेच राहिला, रोज रात्री गळ्यावर राहायचा तसा.

“हाच द्या, भाऊ.”

“तिला तर ससा आवडलाय.”

“हाच. हा हाताला कळतो.”

घरी येऊन नेत्रा माळ्यावर गेली नाही. तिने रुचिकाला कापडाच्या ताग्यांवर बसवले आणि कारखान्याचा मेन स्विच स्वतः खाली ओढला.

“क्या हुआ, भाभी?” रघू कारागीर त्या शांततेत सवयीने ओरडला.

कुणाल ऑफिसातून धावत आला. “येडी झालीस काय? शिफ्ट चालू हाय!”

लेकीच्या पाठीमागे पियानो धरून नेत्राने सा वाजवला. कारागीर वळले, जिन्यात जानकीबाई थबकल्या. रुचिका ताग्याचा दोरा ओढत बसली होती. सगळ्यांचे डोळे तिच्यावर खिळले. एकटा कुणाल मेन स्विचकडे पाहत होता.

“तुम्हाला ठाऊक होतं,” नेत्रा म्हणाली. “शिबिराच्या आधीपासून.”

कुणाल एवढेच बोलला:

“शिबिराआधी एका दुपारी लाइट गेलेली. ती दारात पाठमोरी बसलेली. मी हाक मारली, परत मारली, ताट आपटलं. न्हाय वळली. मग लाइट आली, लूम चालू झाले, कुणाचंच कुणाला ऐकू येईना, आन् खरं सांगतो, मला बरं वाटलं.”